बोलणारा संगणक आणि आपला हिशेब

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचे शब्दांकन. पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना)

मी पिंपळगाव रेणुकाईहून बोलतेय. मिरचीच्या बाजारामुळं आमच्या गावाचं नाव तुमच्या कानावरून गेलं असेल. इथं मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बारा गटांच्या बैठका, वह्या, बँकेचे कागद हे माझं रोजचं काम.

ज्यांनी मला पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगते. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा डोळ्यांचा आजार आहे. यात सहसा आधी रातांधळेपणा येतो. मग बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरतं. माझं तेही आता अगदी थोडं राहिलंय. बी.ए. मी डोळ्यांनी वाचून केलं. गटाचे हिशेब आता मी कानांनी वाचते.

दीड वर्ष झालं, माझ्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून मी लिनक्स घेतलं. तेव्हापासून बैठकीला गेलं की कुणी ना कुणी विचारतं, ताई, तुमचा हा संगणक बोलतो कसा? आमच्या जाऊबाईला कमी दिसतं, तिला जमेल का? याला पैसे किती पडतात? दरवेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा आज सगळं नीट सांगते.

आधी बोलण्याचं. संगणकाच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते मोठ्यानं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात, आपण पडदा-वाचक म्हणू. मी बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटलं ते तो सांगतो. बाणाचं बटण दाबत खाली गेलं की एकेक ओळ वाचतो. मला माऊस लागत नाही. सगळं काम की-बोर्डवरच्या बटणांनी होतं.

हे तुमच्या मोबाइलमध्येही आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून एक भाग असतो, त्यात टॉकबॅक सापडतं. ते सुरू केलं की बोट लावाल तिथलं नाव फोन सांगतो आणि मराठीतही बोलतो. मात्र टॉकबॅक सुरू झालं की फोन चालवायची रीत बदलते. एकदा बोट लावलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारावी लागते. हे आधी माहीत असू द्या, नाहीतर फोन बिघडला म्हणून घाबराल.

आता विंडोज आणि लिनक्स म्हणजे काय ते सांगते. संगणक सुरू केल्यावर सगळ्यात आधी जे चालू होतं आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतं, ती त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडच्या दुकानांत, शाळांत, एमएस-सीआयटीच्या वर्गांत बहुतेक ठिकाणी विंडोज दिसतं. ते एका कंपनीचं आहे. ते आतून कसं बनवलंय ते कंपनी दाखवत नाही, आणि त्याची नक्कल करून दुसऱ्याला देण्याची परवानगीही नसते.

लिनक्सचं तसं नाही. तुम्ही शेतकरी बाया आहात, बियाण्याचं उदाहरण देते. कपाशीचं पाकीट आपण दरवर्षी विकत आणतो. गावरान मिरचीचं, वालाचं बी मात्र आपण घरात राखेत घालून ठेवतो, शेजारणीला मूठभर देतो, चांगलं आलं तर त्यातलंच निवडून पुढं लावतो. कुणाला विचारावं लागत नाही. लिनक्स या दुसऱ्या जातीतलं आहे. कुणीही घ्यावं, वापरावं, दुसऱ्याला द्यावं, आत काय आहे ते उघडून पाहावं, आणि येत असेल त्यानं सुधारावं. त्याला मुक्त सॉफ्टवेअर किंवा ओपन सोर्स म्हणतात.

याची सुरुवात जुनी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावानं हे काम जाहीर केलं. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहिला. नंतर जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाइलसुद्धा याच लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे. म्हणजे लिनक्स आपल्या घरात केव्हाच आलेलं आहे, त्याचं नाव तेवढं आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विंडोज का सोडलं? माझा लॅपटॉप जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्यात दुकानदारानं विंडोजची नक्कल टाकून दिलेली होती, आपल्या भागात सर्रास देतात तशी. काही महिन्यांनी ती अडायची. मग दुकानात न्यायचं, पाचशे रुपये द्यायचे, तो फॉरमॅट मारून परत द्यायचा. डोळस माणसासाठी गोष्ट तिथं संपते. माझ्यासाठी खरी अडचण तिथून पुढं असायची, कारण फॉरमॅट मारला की मी बसवलेला पडदा-वाचक पुसला जायचा आणि लॅपटॉप मुका होऊन घरी यायचा. मुक्या संगणकावर पुन्हा बोलणारं सॉफ्टवेअर बसवायचं तर कुणाच्या तरी डोळ्यांची वाट पाहणं आलं. बहिणीचा मुलगा कॉलेजातून सुट्टीला येईपर्यंत मी गटांचे हिशेब दुसऱ्यांकडून वाचून घ्यायची.

मैत्रिणींनो, हिशेब दुसऱ्याकडून वाचून घेणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. वाचणारा वाईट नसतो. पण तो घाईत असतो. तो त्याला महत्त्वाचं वाटेल तेवढंच वाचतो. "बरोबर आहे सगळं, कर सही" म्हणतो. आणि घरातली रक्कम, कुणाचं किती कर्ज, हे सगळं त्याला कळतं. मला माझं स्वतःचं पासबुकही असंच दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करते. विंडोजवरही फुकट पडदा-वाचक मिळतो. त्याचं नाव एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो तयार केला, २००६ मध्ये काम सुरू झालं. तोही मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि मराठी वाचतो. त्याआधीपासून जॉज नावाचा विकतचा वाचक आहे, चांगला आहे, पण त्याची किंमत आपल्या गटातल्या बाईच्या आवाक्यातली नाही. ज्यांचा संगणक नवा आहे, विंडोज रीतसर घेतलेलं आहे, त्यांनी एनव्हीडीए वापरावं. सगळ्यांनी लिनक्सच घ्या असं माझं म्हणणं नाही.

पण माझ्यासारखा जुना लॅपटॉप असेल तर विचार करावा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ ला नव्या जातीचा प्रोसेसर लागतो, बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ते रीतसर बसत नाही. चालता लॅपटॉप भंगारात घालायचा की त्यावर लिनक्स बसवायचं, असा हा प्रश्न आहे.

लिनक्सवर बोलणाऱ्या वाचकाचं नाव ओर्का. ओर्का घडवायला सुरुवात करणारे मार्क मल्काही हे स्वतः दृष्टिहीन प्रोग्रामर. ते तेव्हा अमेरिकेतल्या सन या कंपनीत होते. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली आणि त्यानंतर या कामावरची माणसं कमी झाली. विकतचं सॉफ्टवेअर असतं तर विषय संपला असता. पण ओर्का मुक्त होती, तिची सगळी कृती उघडी होती, म्हणून जोनमेरी डिग्ज नावाच्या बाईंनी आणि इतर काहींनी काम हातात घेतलं आणि पुढं नेलं. याच्या उलट उदाहरणही आहे. विंडो-आईज नावाचा विकतचा पडदा-वाचक अनेक वर्षं लोक वापरत होते. २०१७ मध्ये तो बंद केला गेला. ज्यांनी पैसे मोजून तो शिकून घेतला होता त्यांना दुसरा शिकावा लागला. दिसणाऱ्या माणसाचं एखादं सॉफ्टवेअर बंद झालं तर गैरसोय होते. आमचं बंद झालं तर वाचणंच बंद होतं. म्हणून तो आवाज कुणाच्या हातात आहे हे आमच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

आता मी बदल कसा केला ते सांगते. पहिली गोष्ट, विंडोज लगेच पुसायचं नाही. लिनक्स पेनड्राइव्हवर घेता येतं आणि लॅपटॉपला काही न करता त्या पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं. भाच्यानं उबुंटू-माटे नावाचं लिनक्स इंटरनेटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घातलं. उतरवायला वेळ लागला, पैसे लागले नाहीत. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि त्यानं मला तीन बटणं एकत्र दाबायला सांगितली. आल्ट, खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि एस. दाबल्याबरोबर ओर्का बोलायला लागली. दुकान नाही, सीडी नाही, आधी काही बसवणं नाही. वाचक आतच होता.

काही लिनक्समध्ये तर बसवण्याचं कामही ऐकत ऐकत करता येतं. डेबियन नावाचं एक आहे. त्याच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की पहिली यादी येते, तिथं एस दाबून एंटर केलं की पुढचे सगळे प्रश्न तो आवाजात विचारतो. भाषा कोणती, पासवर्ड काय, डिस्कचा कोणता भाग. म्हणजे दृष्टिहीन माणूस आपला संगणक पहिल्यापासून स्वतः उभा करू शकतो. मुका लॅपटॉप घेऊन सुट्टीची वाट पाहणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, तुम्हीच समजा.

मी दोन महिने दोन्ही ठेवलं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी राहू शकतात, सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं. तसं करण्याआधी सगळ्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या. हे तुम्हीही नक्की करा. डिस्कचे भाग पाडताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं.

पहिले तीन आठवडे अवघड गेले. हाताला जुनी सवय होती. ओर्काला हुकूम द्यायचं मुख्य बटण मोठ्या की-बोर्डवर इन्सर्ट असतं, लॅपटॉपची मांडणी निवडली तर कॅप्स लॉक. त्याच्याबरोबर एच दाबलं की शिकायची अवस्था सुरू होते. मग कोणतंही बटण दाबा, ते काय काम करतं तेवढं ती सांगते, काम करत नाही. बाहेर यायला एस्केप. मी रोज रात्री भांडी झाल्यावर अर्धा तास हेच करत बसायची. इंटरनेटवरच्या पानावर एच दाबलं की मथळ्यावरून मथळ्यावर उडी जाते, टी दाबलं की तक्त्यावर. हे एनव्हीडीएमध्येही असंच आहे, त्यामुळं जुनं शिकलेलं वाया गेलं नाही.

आवाजाचं खरं सांगते. लिनक्सबरोबर येणारा मराठी आवाज ईस्पीक नावाच्या सॉफ्टवेअरचा आहे. तो यंत्राचा आवाज आहे. कोरडा आहे, जोडाक्षरं कधी कधी चावल्यासारखी म्हणतो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, हा कोण नाकात बोलतोय? मोबाइलचा मराठी आवाज याच्यापेक्षा गोड आहे. पण ईस्पीक हलका आहे, जुन्या लॅपटॉपवर अडखळत नाही आणि त्याला इंटरनेट लागत नाही. लाइट गेली, रेंज गेली तरी बॅटरी आहे तोवर बोलतो. आठवड्याभरात कान सरावतो. आता मी त्याचा वेग इतका वाढवलाय की शेजारी बसणाऱ्या बाईला काही कळत नाही.

आता गटाच्या कामाचं. गटाच्या वह्या हातानंच लिहिल्या जातात आणि तशाच राहायला हव्यात. आमची लेखापाल ताई त्या लिहिते. मी त्याच नोंदी लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवते. हे एक्सेलसारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे, लिनक्सबरोबर बहुधा आधीच बसवलेलं येतं. एका ओळीत एक सभासद. पुढं बचत, घेतलेलं कर्ज, हप्ता, व्याज, शिल्लक. बाणानं पुढं सरकलं की ओर्का कप्प्याचं नाव आणि आकडा सांगते. वरच्या ओळीतली नावं मथळे म्हणून एकदा सांगून ठेवली की ती "हप्ता" म्हणते आणि मग रक्कम वाचते, त्यामुळं चुकून व्याजाचा आकडा हप्ता म्हणून ऐकला जात नाही. बेरीज तर संगणकच करतो.

बैठकीत मी हेडफोन काढून ठेवते आणि लॅपटॉपचा आवाज मोठा करते. लेखापाल वही वाचते, लॅपटॉप तीच नोंद वाचतो, दोन्ही जुळलं की पुढं. सुरुवातीला मी हे माझ्या सोयीसाठी करत होते. नंतर लक्षात आलं की याचा फायदा दुसऱ्याच कुणाला जास्त होतोय. आमच्या गटांमध्ये साठीच्या पुढच्या बाया आहेत. त्यांना चांगलं दिसतं, पण अक्षर येत नाही. वर्षानुवर्षं त्या अंगठा देत आल्या. एका मावशीनं चार बैठका ऐकलं आणि पाचव्या बैठकीत हात वर केला. म्हणाली, मागच्या महिन्यात माझी शिल्लक इतकी म्हणला होता, मी हप्ता भरला, मग ती कमी का झाली नाही? वही पाहिली. हप्ता शेजारच्या ओळीत, दुसऱ्या बाईच्या नावावर लागला होता. पैसे कुणी खाल्ले नव्हते, लिहिताना ओळ चुकली होती. पण ती चूक अंगठा देणाऱ्या बाईनं कानानं पकडली. त्या दिवसापासून त्या मावशीला कुणी "कर अंगठा" असं घाईनं म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपला हिशेब आपल्याला स्वतःला ऐकता आला पाहिजे, डोळे नसले तरी आणि अक्षर येत नसलं तरी. आणि तो ऐकवणारा आवाज कुणाच्या मेहरबानीवर किंवा दरवर्षीच्या भाड्यावर नसावा. मुक्त सॉफ्टवेअरनं मला हे दिलं. माझ्या पेनड्राइव्हवरून मी ते दुसऱ्या गावच्या बाईला देऊ शकते, आणि त्यात चोरी नाही.

हे काही मी एकटीच करत नाही. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. ग्नूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्या पुढाकारानं तयार झालं. छोटे धंदे आणि संस्था यांच्या जमा-खर्चासाठी ते आहे. एक मराठी माणूस, ज्याला दिसत नाही, तो डोळस लोकांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो, हे मला आमच्या मुलींना मुद्दाम सांगावंसं वाटतं. केरळमध्ये सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकवला जातो. तिथल्याच कार्यकर्त्यांनी दृष्टिहीनांसाठी ॲक्सेसिबल-कोकोनट नावाचं लिनक्स तयार केलंय, ओर्का आणि बाकी लागणारी सॉफ्टवेअरं त्यात आधीच बसवलेली आहेत. त्यात लिओस नावाचं एक आहे. छापील कागद स्कॅन केला की त्यातली अक्षरं ओळखून ते वाचायला देतं, मराठीही. बँकेचं छापील पत्र मी अशा रीतीनं वाचते. हातानं लिहिलेलं मात्र त्याला वाचता येत नाही.

आता अडचणी. त्या लपवून ठेवल्या तर तुम्ही उद्या मलाच बोल लावाल.

पहिली अडचण फॉन्टची. आपल्याकडे टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव, श्रीलिपी असे जुने फॉन्ट चालतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आतमध्ये ती इंग्रजी अक्षरं असतात, त्यांना फक्त मराठीचा मुखवटा घातलेला असतो. पडदा-वाचक मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतो. मग "बचत गट" ऐवजी कसलीतरी इंग्रजी अक्षरं कानावर आदळतात. हे विंडोजवरही होतं, लिनक्सवरही होतं. उपाय एकच, युनिकोडमध्ये टाइप करणं. मोबाइलवर आपण मराठी लिहितो ते युनिकोडच असतं.

दुसरी, फोटोंची. व्हॉट्सॲपवर सूचना येते ती कागदाचा फोटो काढून. माझ्यासाठी ते "चित्र" एवढंच असतं. बैठक कुठं, किती वाजता, काही कळत नाही.

तिसरी, काही कामं लिनक्सवर होतच नाहीत. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. काही कार्यालयांची सॉफ्टवेअरं, काही यंत्रांची जोडणी फक्त विंडोजवर चालते. काही संकेतस्थळं वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ओळखा म्हणतात, तिथं दिसत नसलेला माणूस अडतोच, संगणक कोणताही असो. अशा कामांसाठी मी मोबाइल वापरते किंवा विंडोज असलेल्या ठिकाणी जाते. आणि तालुक्याला लिनक्स दुरुस्त करणारा सापडणं कठीण. माझं अडलं तेव्हा मी इंटरनेटवर शोधून, फोनवर विचारून सोडवलं. त्यात कधी कधी दोन-दोन दिवस गेले.

चौथी गोष्ट, की-बोर्ड न पाहता टाइप करता आलं पाहिजे. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असतो. तिथं दोन्ही हातांची पहिली बोटं ठेवायची आणि तिथून बाकीची बटणं मोजायची. मराठीसाठी मी इनस्क्रिप्ट की-बोर्ड शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी त्याची मांडणी असल्यामुळं लक्षात राहते. ज्यांची नजर हळूहळू जातेय त्यांनी हे थोडं दिसत असतानाच शिकून घ्यावं.

आता गटांनी काय करायचं ते सांगते. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

एक. गटाच्या सूचना फोटोनं पाठवू नका. चार ओळी टाइप करा, नाहीतर बोलून पाठवा. पाहा, तुमच्या गटातल्या अक्षर न येणाऱ्या बायांनाही बोललेलीच सूचना सोयीची पडेल.

दोन. गटाचे ठराव, अर्ज, प्रस्ताव दुकानात टाइप करून घेताना "युनिकोडमध्ये करा" असं सांगा. दुकानदार कुरकुर करेल, पण करून देईल.

तीन. बैठकीत प्रत्येक सभासदाची बचत, हप्ता, शिल्लक नाव घेऊन मोठ्यानं वाचा. लॅपटॉप नसेल तर तोंडानं वाचा. गटाचा हिशेब गटात वाचायचाच असतो. घरचं पासबुक मात्र प्रत्येकीचं खाजगी, ते ज्या त्या बाईनं कानाला हेडफोन लावून ऐकावं.

चार. गटात कुणाला कमी दिसत असेल तर तिचं काम तिच्या हातून काढून घेऊ नका. "राहू दे, आम्ही करतो" हे प्रेमानं म्हटलं जातं, पण पाच वर्षं असंच म्हटलं तर त्या बाईला काहीच येत नाही असं सगळे धरून चालतात, आणि शेवटी तीही तसंच धरून चालते. तिला विचारा, तुला हे कसं जमेल? वेळ लागेल. लागू द्या.

पाच. सरकारी कागद करून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी दोन्ही धरलेलं आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर अनेक योजनांचा दरवाजा उघडतो. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा अर्ज करा. याच कायद्यात माहिती आणि संगणकाची साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत, असंही सांगितलंय. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये आपल्या कारभारात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलेलं आहे. म्हणजे ग्रामपंचायतीत किंवा शाळेत जाऊन "इथल्या एका संगणकावर बोलणारं सॉफ्टवेअर ठेवा" म्हणणं म्हणजे भीक मागणं नव्हे. त्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा निधी नाही हे कारणही उरत नाही.

आणि सहा. गावात दिसत नसलेली मुलगी असेल तर तिला आधी शाळेत घाला आणि ब्रेल शिकवा. आवाज ऐकून ज्ञान मिळतं, पण शुद्धलेखन, ऱ्हस्व-दीर्घ, गणिताची मांडणी बोटांखाली आल्याशिवाय पक्की होत नाही. संगणक ब्रेलच्या जागी नाही, ब्रेलच्या जोडीला आहे. मी मोठेपणी नजर गेलेली बाई, मला ब्रेल जेमतेम येतं, आणि त्याची उणीव मला रोज जाणवते.

तुमच्यापैकी कुणाला करून पाहायचं असेल तर जुना लॅपटॉप फेकू नका. किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन आमच्या गटाच्या बैठकीला या. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहू, तुमच्या लॅपटॉपमधलं काही पुसलं जाणार नाही. आवाज आवडला, हात बसला, तर पुढचं ठरवू. नाही आवडला तर पेनड्राइव्ह काढायचा आणि आपलं जुनं सुरू करायचं. पण एकदा तुमच्या नावापुढचा आकडा तुमच्या कानानं ऐकून जा.